काकासाहेबांच्या गाडीचा पोळा

संक्रांतीच्या सुमारास काकासाहेबांनी पिकप गाडी घेतली आणि तेव्हापासून सकाळी ओट्यावर बसून सुखानं चहा पिणं त्यांच्या नशिबातून गेलं. गाडी दारापुढच्या लिंबाखाली उभी असायची. मागून उंच, पुढून खाली, नाक पार जमिनीकडं. शेताकडं निघालेला रामराव नेमका तिच्यासमोर थांबायचा, बोटं कपाळाला लावायचा आणि मोठ्या अदबीनं म्हणायचा, "पोचला बरं का सलाम." आणि काकासाहेबांकडं न बघताच चालू लागायचा.

हा रामराव म्हणजे काकासाहेबांचा धाकटा चुलत-चुलतभाऊ. बांधाला बांध, भिंतीला भिंत, आणि बोलणं हे असं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. बोरटाकळीत आता कुणी कुणापुढं कमरेत वाकत नव्हतं. गावात वाकून सलाम करणारी एवढी एकच वस्तू उरली होती आणि ती काकासाहेबांच्या दारात होती. रामराव दिसेनासा झाला की ते बशीतला चहा तसाच ओतून द्यायचे.

तसं पाहिलं तर गाडीत काही खोट नव्हती. लढाईच्या दिवसांत ती लष्करात होती, पुढं लिलावात निघाली आणि शहागडच्या बालकिशन शेठजींच्या दुकानामागं येऊन पडली. शेठजींनी विकतानाच सांगितलं होतं, "काकासाब, ही मालाची गाडी हाय. रिकामी असली की मागून उठते, माल भरला की बराबर होते. मागचे पाटे त्याच्यासाठीच कडक ठेवलेत." पाटे म्हणजे चाकांवर एकीवर एक रचलेल्या त्या पोलादी पट्ट्या, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर झेपतो. काकासाहेबांनी मान डोलावली आणि ते बोलणं तिथंच सोडून दिलं. कारण त्यांनी गाडी माल वाहायला घेतलीच नव्हती. घनसावंगीच्या बाजाराला जाताना ते फेटा बांधून ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि मागचा सगळा हौदा रिकामा खडखडत यायचा. कुणी कापसाचं बोचकं टाकू का म्हणून विचारलं, तर "तिचं अंग खराब होतंय" म्हणायचे.

खरं दुःख निराळंच होतं. गाडीच्या पैशासाठी त्यांनी हरण्या आणि बादल ही आपली बैलजोडी बाजारात उभी केली. गिऱ्हाईक म्हणून एक अनोळखी दलाल आला, जोडी घेऊन गेला, आणि संध्याकाळी तीच जोडी गावात परत आली. फक्त या खेपेला ती शेजारच्या गोठ्यात शिरली. दलाल रामरावाचा होता. भिंतीपलीकडून हरण्या हंबरला की काकासाहेबांचा घास हातात राहायचा, पण हे त्यांनी गोजरबाईंजवळसुद्धा कबूल केलं नाही. गोजरबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना सांगायची गरजच नव्हती, त्या समोर बसूनच वाढत होत्या.

असा श्रावण सरत आला आणि पोळा तोंडावर आला.

बोरटाकळीची रीत अशी की पोळ्याला वेशीत दोन लाकडं रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं. सगळ्या गावची जनावरं सजून त्याच्या मागं थांबायची. मानाच्या घरची जोडी पहिल्यांदा निघायची, डोक्यानं तोरण तोडायची आणि मग बाकीच्यांना वाट मोकळी. हा पहिला मान काकासाहेबांच्या घराचा. पण आता त्यांच्या दावणीला बैलच नव्हता. मारुतीच्या पारावर बैठक बसली तेव्हा रामरावानं सरळ मागणी टाकली की मान बैलांचा असतो, बैल माझ्याकडं आलेत, तर मानही माझ्याकडं आला.

सगळे काकासाहेबांकडं बघू लागले. मान एकदा गेला की नातवंडा-पतवंडांपर्यंत परत यायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं.

"माझ्या दारातलं जनावर जाईल पहिल्यांदा."

"कोणतं?" रामरावानं विचारलं.

"गाडी."

पारावर असं हसू फुटलं की देवळातली कबुतरं उडाली. फक्त बद्रीनाथ आबा हसले नाहीत. गावात रीतभात सांगायचं काम आबांचं होतं आणि ते काम ते फार मन लावून करायचे. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले आणि मग निकाल दिला. "वाडवडलांनी बैलच पाहिजे असं कुठं सांगून ठेवलं न्हाई. त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. घराच्या दारात जे वाहन असंल ते जाईल. पण रीत ती रीत. मुंडी वर पाहिजे. मुंडी खाली घालून तोरणाखालून गेलं, की मान त्याच्या मागच्याला."

ही मुंडीची अट काही नवी नव्हती. मुळात हा मान रामरावाच्या आजाकडं होता. त्याच्या बैलानं ऐन तोरणाखाली पडलेली कडब्याची पेंडी बघितली आणि मुंडी खाली घातली. मागं काकासाहेबांच्या आजाची जोडी होती, मान तिला गेला. तेव्हापासून रामरावाच्या घरी पोळ्याच्या दिवशी जनावरांना सकाळपासून इतकं खाऊ घालतात की ती चालायला कंटाळतात.

"हरकत न्हाई," रामराव उठत म्हणाला, "तिला मुंडी वर करता येते का तेवढं बघा."

झालं. काकासाहेबांच्या अंगात वारं शिरलं. पारावरून ते घरी गेलेच नाहीत. तसेच मच्छिंद्राला हाक मारून गाडी काढायला लावली. मच्छिंद्र त्यांचा ड्रायव्हर. जालन्याला लाकडाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून राहिला होता आणि तिथून एक विद्या आणि एक वाक्य घेऊन आला होता. विद्या गाडी चालवायची. वाक्य "होऊन जातंय, मालक." गाडी बंद पडली, रस्ता संपला, आडवी म्हैस आली, तरी त्याचं उत्तर तेच असायचं. काकासाहेबांना हा माणूस फार आवडायचा.

शहागडला बालकिशन शेठजींनी सगळी हकीकत ऐकून घेतली. शेठजींच्या घराला मारवाड सोडून इतका काळ लोटला होता की पोळ्याला तेही बैलांना पुरणपोळी द्यायचे. म्हणाले, "काकासाब, एवढ्यासाठी पाटे कशाला खोलता? मागं ज्वारीची पोती टाका. ढुंगण खाली बसंल, नाक आपोआप वर येईल. खर्चा बिलकुल न्हाई."

काकासाहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं की शेठजींनी पान चावायचं थांबवलं. "शेठजी, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर ओझं? त्या दिवशी जनावराच्या मानेला जू लागत न्हाई, पाठीला पोतं लागत न्हाई. हिला मी बैलाच्या जागी उभी करून राह्यलो आणि तिच्यावरच पोती टाकू?"

शेठजींनी पान पुन्हा चावायला घेतलं. मग पुढूनच उचलायचं ठरलं. दुकानामागं मोडक्या लष्करी गाड्यांचा ढीग होता. मच्छिंद्रानं त्यातून पोलादी पट्ट्या हुडकल्या आणि पुढच्या पाट्यांत वाढवून घातल्या. जॅक काढला, सगळे लांब उभं राहून बघू लागले. नाक वर आलं होतं, पण अजून थोडं उणंच होतं. तेवढ्यात काकासाहेबांची नजर भिंतीला टेकवलेल्या टायरांवर गेली. केवढाले ते टायर, आणि त्यांच्यावरची नक्षी अशी खोल की तिच्यात मूठ बसावी. चिखलात चालणाऱ्या लष्करी गाडीचे होते. दोनच होते, पण कोरे करकरीत. काकासाहेबांनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि त्यांचा जीवच जडला. श्रावणात वेशीत गुडघाभर चिखल असतो, म्हणजे हे तर देवानंच पाठवले.

"घ्या," शेठजी म्हणाले, "पण मागं लावा. गाडीचा जोर मागच्या चाकात असतो."

काकासाहेब मोठ्यानं हसले. "शेठजी, उभ्या जन्मात कधी बैल धरलाय का? जोर पुढच्या खांद्यात असतो. मागचे पाय नुसते मागं येतात."

मच्छिंद्राला खरं काय ते माहीत होतं. इंजिन मागची चाकं फिरवतं, पुढची बिचारी लोटली जातात, हे जालन्याला त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण पुढं मोठे टायर लावले की नाकाला हवी तेवढी उंची मिळत होती, काम आजच्या आज उरकत होतं, आणि मालकाच्या तोंडावर असा उजेड त्यानं कधी बघितला नव्हता. "होऊन जातंय," तो म्हणाला. टायर पुढं लागले. ते मडगार्डात मावेनात तेव्हा मच्छिंद्रानं मडगार्ड हातोड्यानं ठोकून वर घेतले. मागं जुनेच टायर राहिले, घासून गुळगुळीत झालेले.

गाडी घरी आली ती सगळ्या गावाला वळसा घालून, कारण आता तिला बेताचंच वळता येत होतं. जास्त वळवलं की टायर कुठंतरी घासून किंचाळायचा. पण दारात उभी राहिली तेव्हा काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाक सरळ, छाती पुढं, पुढचे पाय दांडगे. त्यांनी घरातून गोजरबाईंची पितळी परात आणवली, बोनटावर ठेवली आणि काठोकाठ पाणी ओतलं. पाणी कुठल्याच काठावरून सांडलं नाही. काकासाहेबांनी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते पाणी दाखवलं. एका म्हाताऱ्याला ते तीर्थ वाटलं, त्यानं हात जोडून ओंजळभर पिऊन घेतलं. गोजरबाई आत कणकेचं पीठ घेऊन परातीची वाट बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामराव आला, नेहमीच्या जागी थांबला, हात वर केला आणि तसाच खाली घेतला. सरळ शेताकडं गेला. काकासाहेबांनी त्या दिवशी लागोपाठ दोन कप चहा घेतला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोलवटतात, त्यांना हळद-तूप चोळायचं आणि दुसऱ्या दिवसाचं आवतण द्यायचं. गोजरबाई वाटी घेऊन बाहेर आल्या आणि गाडीभोवती दोन चकरा मारून थांबल्या.

"आवं, हिचा खांदा कुठं हाय?"

काकासाहेब म्हणाले मडगार्ड. मच्छिंद्र म्हणाला पाटे, भार त्यांच्यावर येतो. शेवटी दोन्हीकडं चोळलं. मच्छिंद्र तर उताणा होऊन गाडीखाली शिरला आणि हाताला लागेल त्याला तूप लावून आला. गोजरबाईंनी बोनटाला हात लावून हळूच म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." म्हणताना त्यांना आपलंच हसू आलं. भिंतीपलीकडं रामरावाची बायको हरण्या-बादलला तेच म्हणत होती. काकासाहेब ऐकत उभे राहिले आणि मग उगाच फडकं घेऊन गाडीच्या काचा पुसू लागले.

पोळ्याचा दिवस उजाडला. गाडीला आंघोळ झाली. दिव्यांभोवती हिंगुळाची वर्तुळं, दाराला गेरूचे ठिपके, आरशाला गोंडे, बोनटावर आरसे लावलेली झूल आणि झुलीवर बाशिंग. घुंगरमाळ बांधायला गळा सापडेना, ती बंपरला बांधली. दुपारपासून माणसं बघायला येत होती, आणि काकासाहेब नव्या धोतरात एवढे खुलले होते की नवरदेव कोण ते कळत नव्हतं. शहागडहून बालकिशन शेठजी पांढरं स्वच्छ धोतर नेसून मुद्दाम आले. आपल्या दुकानातल्या मालाचा पोळा त्यांनी कधी बघितला नव्हता.

निघायची वेळ झाली आणि हलगीवाले अडले. रात्री सर येऊन गेली होती, दिवसभर जनावरांनी वाट तुडवली होती. एवढ्या चिखलातून वाजवत चालणं होणार नाही, म्हणाले, आम्हाला मागं घ्या. काकासाहेब घुटमळले. ओझं चालत नव्हतं. आबांना विचारलं. आबांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, "जू न्हाई, पोतं न्हाई. माणसाचं रीतीत काही सांगितलं न्हाई." हलगीवाले चढले. ते चढले म्हणून भावकी चढली, भावकी चढली म्हणून पाहुणे चढले. आनंदाच्या भरात काकासाहेब स्वतःच हाका मारमारून माणसं वर घेत होते. शेठजींना तर दोघांनी धरून चढवलं, कारण शेठजी अंगानं भारदस्त होते.

मागचे कडक पाटे इतक्या वर्षांनी आपल्या कामाला लागले. ते दबले, हौदा खाली बसला आणि उचलून ठेवलेलं नाक थेट आभाळाकडं गेलं. परातीतल्या पाण्यानं जे माप दिलं होतं ते रिकाम्या गाडीचं होतं, ही गोष्ट त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आली नाही. उलट लोक म्हणाले, काय मुंडी वर केलीय बघा. काकासाहेब धन्य झाले. मच्छिंद्र स्टेअरिंगमागं बसला तेव्हा त्याच्यासमोर बोनट, झूल, बाशिंग आणि त्याच्यावर ढग एवढंच होतं.

"मालक, मला नुसतं आभाळ दिसून राह्यलंय."

"मी सांगतो की. तू सरळ चाल."

वेशीपुढं सगळा गाव जमला होता. तोरणापासून थोड्या अंतरावर गाडी, तिच्या मागं रामराव हरण्या-बादलला घेऊन, आणि त्याच्या मागं गावची सगळी जनावरं दाटीवाटीनं. हलगी कडाडली. गाडी निघाली. काकासाहेब बाहेर निम्मे लोंबकळत जोडी हाकताना काढायचे तेच आवाज काढत होते. पुढचे मोठे टायर ऐटीत चिखल कापत चालले होते. त्यांची नक्षी चिखलात इतकी सुंदर उमटत होती की काकासाहेब ती बघण्यात रमले. आणि तोरण हाताशी आलं असताना मागचे गुळगुळीत टायर गरकन जागच्या जागी फिरले. माणसांनी भरलेला हौदा हळूच आणखी खाली बसला. गाडी थांबली.

मच्छिंद्रानं जोर दिला. मागून चिखलाचा फवारा उडाला आणि रामरावाच्या फेट्यापासून धोतरापर्यंत बसला. पुन्हा जोर दिला, चाकं आणखी रुतली. झुलीखालून वाफ यायला लागली, कारण इंजिनाला वारा लागायची जागाच झाकून टाकली होती.

"होऊन जातंय," मच्छिंद्र म्हणाला, पण हळू.

आता खरी पंचाईत झाली. गाडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाला जाता येत नव्हतं. मागं घ्यावी तर जनावरांची गर्दी. बाजूनं काढावी तर एका अंगाला बुरूज आणि दुसऱ्या अंगाला ओढा. सूर्य बाभळींपर्यंत उतरला होता आणि तो बुडाल्यावर तोरण तोडत नाहीत. म्हणजे उभ्या गावाचा पोळा काकासाहेबांच्या गाडीमागं अडकून पडला. कुणीतरी पाठीमागून ओरडलं की अरे, एवढे बैल उभे आहेत, एक जोडी जुंपा आणि काढा ओढून. बोलणाऱ्यानं लगेच जीभ चावली. पोळ्याच्या दिवशी बैलाला जू! आबांनी तर कानावर हात ठेवले.

माणसं पटापट खाली उतरून ढकलू लागली. हौदा हलका झाला, नाक बरंचसं खाली येऊन सरळ झालं. फक्त शेठजी वरच बसून राहिले. त्यांचं धोतर बघता त्यांना उतरा म्हणायचा धीर कुणाला झाला नाही. मागून लोटलं की गाडी डुलायची, पण निघायची नाही. पुढून ओढायला पाहिजे होतं, आणि गडी माणसं तर बुजलेले बैल धरून उभी होती.

काकासाहेब वळले. मागं हरण्या त्यांच्याकडं बघत होता. किती वर्षं या वेशीतून ते त्याच्या बाजूनं चालत आले होते, आणि त्यानं कधी त्यांना असं उभं केलं नव्हतं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. मग त्यांनी फेटा काढून मच्छिंद्राकडं दिला, मोटेचा जाड नाडा मागवला, बंपरला बांधला आणि त्याचा फास स्वतःच्या खांद्यावर घेतला. जोर केला. गाडी तसूभर हलली आणि परत बसली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

तेवढ्यात नाड्याचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. बैलांचे कासरे गड्याच्या हातात देऊन रामराव आला होता. चिखलानं तोंड भरलेलं, डोळे तेवढे दिसत होते.

"दादा," तो म्हणाला, "एका खांद्यानं निघत नसती. सरका."

कित्येक वर्षांत त्यानं दादा म्हटलं नव्हतं. काकासाहेब सरकले. दोघं शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि पुढं वाकले. हलगीवाल्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी बैलांच्या शर्यतीत वाजवतात तो ताल धरला. मागून भावकीनं रेटा दिला. मच्छिंद्रानं जोर दिला. दोघा भावांची डोकी गुडघ्यांपर्यंत गेली, पाय चिखलात रुतले, निघाले, पुन्हा रुतले, आणि गाडी सुटली. सुटली ती सुटलीच. दोघं वाकलेलेच तोरणाखालून पलीकडं गेले, मागोमाग गाडी आली, बाशिंगात तोरण अडकलं आणि तटकन तुटलं. गावानं असा गजर केला की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं पळत आली.

दोघं भाऊ वेशीबाहेर चिखलात बसले होते. तरी रामराव भानावर होता. धापा टाकतच तो म्हणाला, "आबा, तोरणाखालून पहिल्यांदा कोण गेलं? आमी दोघं. मंग मान निम्मा माझा."

आबांनी डोळे मिटले.

"पहिली जोडी तुमची, बरोबर हाय," आबा म्हणाले. "पण मुंडी कशी होती? पार खाली. मंग रीत काय सांगते? मान मागच्याला. मागं गाडी होती. तिची मुंडी वर होती आणि तोरण तिनंच तोडलं."

"तिच्यावर ओझं होतं," रामरावानं हौद्याकडं बोट केलं.

"मी ओझं न्हाई," शेठजी वरून शांतपणे म्हणाले, "मी पाहुणा हाय."

निकाल झाला. मान काकासाहेबांच्या घरात राहिला. त्यांना इतका आनंद झाला की उठून नाचावं असं वाटलं, पण उठता आलं नाही.

गोजरबाई नैवेद्याचं ताट घेऊन पुढं आल्या. मानाच्या जनावराला घरच्या बाईनं पुरणपोळी भरवायची असते. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, पोळी हातात घेतली आणि बोनटासमोर थांबल्या. झुलीखालून फसफस वाफ येत होती. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग चिखलात बसलेल्या जोडीकडं बघितलं आणि वळल्या.

"आवतण हिला दिल्तं," त्या म्हणाल्या, "पण ओढलं तुमी. भावजी, आ करा."

रामरावानं लाजत तोंड उघडलं. मग काकासाहेबांनी. सगळा गाव बघत होता आणि दोघांना खरोखरच फार भूक लागली होती. काकासाहेबांनी आपल्यातली अर्धी पोळी मोडून हातात धरली. हरण्या जवळ आला, त्यानं ती खाल्ली आणि त्यांच्या सोललेल्या खांद्यावरून खरखरीत जीभ फिरवली. रामरावानं दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब ओट्यावर बसले होते. गोजरबाईंनी खांदेमळणीचं उरलेलं हळद-तूप त्यांच्या खांद्याला आणि मानेला चोळलं होतं, तरी मान अशी आखडली होती की हनुवटी छातीवरून हलेना. शेताकडं निघालेला रामराव नेहमीच्या जागी थांबला. काकासाहेबांना त्याचे फक्त जोडे दिसले. वर बघता येईना, म्हणून ते तसेच खाली मुंडी घालून बसून राहिले. रामरावालाही काकासाहेबांचा चेहरा दिसत नव्हता, कारण त्याचीही हनुवटी छातीवरच होती.

"पोचला," रामराव जमिनीकडं बघत म्हणाला.

"तुझाबी पोचला," काकासाहेब चहाच्या बशीकडं बघत म्हणाले. "ये, चहा घे."

दोघं शेजारी बसून चहा पिऊ लागले. मागं लिंबाखाली गाडी तेवढी नाक वर करून ताठ उभी होती.